कृपया भरून परत पाठवावे

माझ्या नोकरीचा मोठा भाग माहिती मागवण्यात गेला. उदगीरच्या एका शिक्षणसंस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयात मी लिपिक म्हणून लागलो आणि पुढे कार्यालयीन अधीक्षक झालो. संस्थेच्या शाळा आणि महाविद्यालयं उदगीर, देवणी, जळकोट या तालुक्यांत. काही शाखा नांदेड जिल्ह्यात मुखेड-देगलूरच्या बाजूला. वरच्या कार्यालयातून विचारणा यायची : मुली किती, दिव्यांग विद्यार्थी किती, रिक्त पदं किती, चालू स्थितीतले संगणक किती. ही उत्तरं सगळ्या शाखांकडून गोळा करायची, एका तक्त्यात बसवायची आणि गोषवारा करून वर पाठवायचा. याला आमच्याकडे संकलन म्हणतात. पद मंजूर होणं, शिष्यवृत्ती वेळेवर येणं, नवी वर्गखोली मिळणं हे सगळं त्या तक्त्यातल्या आकड्यांवर ठरतं. त्यामुळे रिकामा रकाना ही माझ्या दृष्टीनं कधीच किरकोळ गोष्ट नव्हती.

ई-मेल येण्याआधी प्रपत्रं चक्रमुद्रित व्हायची. स्टेन्सिल कापायची, प्रती काढायच्या, पाकिटं जावक नोंदवहीत चढवायची. गावातल्या शाळांची पाकिटं शिपाईमामा सायकलवर पोचवायचे. लांबच्या शाखांची एसटीच्या चालकाकडे द्यायची. तिकडून कुणीतरी बसस्थानकावर येऊन घ्यायचं. घाई असली की एसटीडी बूथवरून फोन करून आकडे लिहून घ्यायचे, आणि एकोणसाठ म्हणालात की एकोणसत्तर, हे दोनदा विचारून घ्यायचं. वेळ लागायचा, पण त्या कागदात एक गुण होता. प्रश्न, उत्तराची जागा, सही आणि तारीख सगळं एकाच पानावर असायचं. भरणाऱ्याच्या हातात पेन असलं की दुसरं काही लागत नसे. ई-मेलनं पाकिटाचा प्रवास क्षणावर आणला, पण हा गुण मात्र वाटेत हरवला. तो परत मिळवण्यात माझी पुढची बरीच वर्षं गेली.

सुरुवातीला मेलमध्ये फक्त पत्र असायचं : ‘सोबतच्या प्रपत्रात माहिती भरून तात्काळ सादर करावी.’ प्रपत्र जोडलेलं असायचं, वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये. ते उतरवून घ्या, उघडा, भरा, जतन करा, पुन्हा नव्या मेलला जोडा आणि पाठवा. कार्यालयात बसणाऱ्याला हे सोपं वाटतं. पण जळकोटच्या बाजूच्या शाळेत त्या काळी संगणक असला तर वीज नसायची, वीज असली तर नेट नसायचं. मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी येऊन नेट कॅफेत बसायचे. तिथून फोन यायचा : ‘सर, मेल आलाय, पन ते उघडनाय. नुसते चौकोन दिसलालेत.’

ते चौकोन किंवा निरर्थक रोमन अक्षरं फाँटमुळे दिसायची. त्या वेळचं आमचं सगळं मराठी टंकलेखन श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-योगेश अशा फाँटांवर चालायचं. या फाँटांत रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवलेलं असे. तोच फाँट समोरच्या संगणकावर नसेल, तर ‘विद्यार्थी संख्या’ या शब्दांच्या जागी अगम्य अक्षरांची रांग दिसायची. युनिकोड रुळल्यावर ही अडचण मिटली. आज कुठल्याही फोनवर मराठी मेल वाचता येतो, याचं श्रेय युनिकोडला आहे. मेलच्या मजकुरातच मराठी फॉर्म पाठवण्याचा विचार करणंही त्याआधी शक्य नव्हतं.

फाँट सुटला तरी तक्ता सुटत नव्हता. एक्सेलची एकच फाइल सगळ्या शाखांना गेली, तरी परत येताना प्रत्येक वेगळी होऊन यायची. कुणी मधे एक रकाना वाढवायचं, कुणी दोन रकाने एकत्र करायचं, कुणी मुलांच्या आधी मुली लिहायचं. कुणी देवनागरी आकडे टाकले की ते बेरजेत धरले जायचे नाहीत. कुणी भरलेल्या पानाचा फोटो काढून पाठवायचं. यात भरणाऱ्यांचा दोष नव्हता. त्यांना आपल्या शाळेची परिस्थिती सांगायची होती आणि तक्त्यात त्यासाठी जागा नव्हती. द्विशिक्षकी शाळेला आणि कनिष्ठ महाविद्यालयाला एकच प्रपत्र पाठवलं, तर दोघांनाही ते आपापल्या मापानं कापावंच लागतं.

मग वाटू लागलं की मेल उघडला की त्यातच रकाने दिसावेत, तिथेच भरावेत, बटण दाबावं आणि उत्तर आपल्याकडे यावं. उतरवून घेणं नको, जोडणं नको. पुण्यात कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याला मी हे बोललो. तो म्हणाला, ‘मामा, आमच्याकडे हे आहे. रजेचा अर्ज मेलमध्येच उघडतो, भरला की साहेबांकडे जातो.’ ते आउटलुकमधले खास फॉर्म होते. त्याची रचना त्यानं मला नीट समजावून सांगितली. फॉर्मचा आराखडा कंपनीच्या सर्व्हरवर एका सामायिक संग्रहात ठेवलेला असतो. मेलबरोबर प्रवास करतात ती फक्त त्या फॉर्मचं नाव आणि भरलेली उत्तरं. घेणाऱ्याचा आउटलुक ते नाव बघतो, संग्रहातून आराखडा काढतो आणि त्यात उत्तरं मांडून दाखवतो. म्हणजे पाठवणारा आणि घेणारा एकाच व्यवस्थेत असले तरच हे चालतं. तोच मेल बाहेरच्या माणसाला गेला, तर त्याला साधा मजकूर दिसतो किंवा ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची, त्याच्याकडे न उघडणारी फाइल मिळते. आमच्या शाखांत कुणाचं खातं जीमेलवर, कुणाचं याहूवर, कुणाचं रेडिफवर. एका छताखालच्या कार्यालयांसाठी केलेली ती सोय आमच्या पसरलेल्या शाळांना लागू पडणारी नव्हती.

दुसरी वाट एचटीएमएलची. वेबपानावर ज्या खुणांनी रकाने आणि बटणं दिसतात त्याच खुणा मेलच्या मजकुरात घालता येतात. तसं करून पाहिल्यावर लक्षात आलं की प्रत्येक ठिकाणी त्याचं वेगळंच होतं. कुठे रकाने दिसतात आणि बटण चालत नाही. कुठे रकानेच गळून पडतात आणि प्रश्न तेवढे उरतात. आउटलुकनं तर २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवण्याचं काम वर्डच्या यंत्रणेकडे दिलं, आणि त्यात असे रकाने भरता येत नाहीत. कुठे बटण दाबल्यावर इशारा येतो की तुम्ही माहिती बाहेरच्या पानावर पाठवत आहात.

या अडवणुकीमागचं कारण मला पूर्ण पटतं. बँकेचं नाव आणि चिन्ह लावून आलेल्या मेलमध्येच रकाने असते आणि खाली ‘खाते क्रमांक व पासवर्ड भरा’ असं लिहिलेलं असतं, तर कितीजण फसले असते? मेल कोण पाठवतं याची खात्री वाचणाऱ्याला सहज करता येत नाही. अशा जागेत उत्तर घेणारं बटण ठेवणं धोक्याचं आहे. मेलसेवांनी ते दार बंद ठेवलं ते बरंच केलं. आमच्या एका बाईंच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याबद्दल असाच एक बनावट मेल आला होता. त्यात रकाने नव्हते, फक्त दुवा होता, आणि त्यांना कार्यालयात येऊन विचारावंसं वाटलं म्हणून त्या वाचल्या.

गूगलनं पुढे या दारातून एक नियंत्रित वाट काढली. २०१८ मध्ये मेलसाठी एएमपी नावाचं तंत्र जाहीर झालं आणि मार्च २०१९ मध्ये ते जीमेलमध्ये आलं. त्यानं मेलच्या आतच पर्याय निवडता येतात, उत्तर देता येतं. पण पाठवणाऱ्याला आधी नोंदणी करून आपली ओळख पटवावी लागते, आणि मेल पुढे पाठवला की त्यातला जिवंत भाग गळतो, उरतो तो साधा मेल. आमच्यासारख्या ठिकाणी हीच मोठी अडचण. शाळेचा मेल मुख्याध्यापकांच्या नावावर असतो. ते तो वाचतात आणि लिपिकाला, विज्ञानाच्या सरांना किंवा पोषण आहाराचं बघणाऱ्या बाईंना पुढे पाठवतात. माहिती ज्याच्याकडे आहे त्याच्यापर्यंत मेल दोन-तीन हातांतून जातो. पुढे पाठवल्यावर जो फॉर्म टिकत नाही, तो इथे उपयोगाचा नाही. या साधनांच्या माहितीत हा मुद्दा सहसा येत नाही, पण आमच्या कामात तोच निर्णायक ठरला.

याच काळात मला एका चांगल्या फॉर्मकडून पुष्कळ शिकायला मिळालं. केंद्र सरकारनं २०११ मध्ये उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण सुरू केलं. २०१०-११ हे त्याचं पहिलं वर्ष. विद्यापीठांसाठी, महाविद्यालयांसाठी आणि स्वतंत्र संस्थांसाठी वेगवेगळी प्रपत्रं होती; महाविद्यालयांचं ते डीसीएफ-२. हे प्रपत्र भरता येण्याजोगी पीडीएफ फाइल म्हणून मिळायचं. उतरवून घ्यायचं, नेट बंद असताना भरत बसायचं, पुरं झालं की चढवायचं. एखाद्या महाविद्यालयात चार अभ्यासक्रम असले तर चार ओळी, चाळीस असले तर चाळीस. फॉर्म भरणाऱ्याच्या गरजेप्रमाणे वाढत जायचा. ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख ठरलेली असल्यामुळे कुठल्या दिवसाचा आकडा द्यायचा याबद्दल वाद उरत नसे. तिन्ही गोष्टी मी मनात नोंदवून ठेवल्या : ज्याच्या त्याच्यासाठी वेगळं प्रपत्र, गरजेप्रमाणे वाढणारी जागा आणि ठरलेली तारीख. २०२०-२१ च्या सर्वेक्षणापासून हे काम थेट वेबवर भरण्याच्या पद्धतीनं होऊ लागलं.

मेलला जोडून पाठवायला पीडीएफ फॉर्म चांगला, असं त्यावरून वाटलं. पण मराठीसाठी तो फारसा जमला नाही. रकान्यात देवनागरी टंकली की पुष्कळदा जोडाक्षरं सुटी व्हायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या. काही जातीचे पीडीएफ फॉर्म तेव्हा ब्राउझरमध्ये उघडतच नसत. ‘थोडं थांबा’ अशा अर्थाचं इंग्रजी पान दिसत राहायचं, कारण त्यांना ॲडोबीचाच वाचक लागायचा. फोनवर तर ते भरणं जवळजवळ अशक्य. आणि २०१६ नंतर, नेट स्वस्त झाल्यावर, आमच्या शाखांतले बहुतेक मेल फोनवरच वाचले जाऊ लागले होते.

तेव्हा गूगल फॉर्म हाती आला. तो २००८ पासून होता, आमच्याकडे मात्र उशिरा रुळला. फॉर्म मेलच्या पोटातच घालून पाठवण्याची सोय त्यात होती. ज्यांच्या मेलमध्ये रकाने चालत नाहीत त्यांना दुवा दिसतो, आणि उत्तरं आपोआप एका तक्त्यात ओळीनं येऊन बसतात. संकलनाचं काम करणाऱ्याला याचं मोल कळेल. शाखांच्या फायली उघडून एकेक आकडा उचलणं संपलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कोणत्या मुलाच्या घरी फोन आहे, कोणाच्या घरी नाही, ही माहिती शिक्षकांनी गावात फिरून याच फॉर्ममध्ये भरली. एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला उदयगिरी महाविद्यालयाच्या परिसरात भरलं, भारत सासणे अध्यक्ष होते. त्या तीन दिवसांत आमच्या संस्थेतून कोण कोणत्या दिवशी जाणार, कोणाची परीक्षेची ड्यूटी आहे, बाहेरगावच्या कोणाला मुक्कामाची सोय हवी, हे सगळं मी एका फॉर्मवर गोळा केलं. गावात एवढा मोठा सोहळा असताना एकाही शिक्षकाला हेलपाटा घालावा लागला नाही, याचं मला आजही समाधान आहे.

तरी फॉर्मनं प्रश्न संपत नाहीत, ते फक्त स्पष्ट दिसू लागतात. पहिला प्रश्न नावाचा. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव अशा तीन चौकटी आखल्या की आखणाऱ्याला वाटतं काम झालं. आमचं उदगीर बिदर जिल्ह्याच्या सीमेला लागून. तेलंगणही फार दूर नाही. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी लेकरं एका वर्गात बसतात. कुणाच्या नावात शेख किंवा सय्यद आधी येतं. कुणाच्या घरी गावाचं नाव हेच आडनाव. कुणाच्या दाखल्यावर आडनावच नाही, वडिलांच्या नावापुढे ‘अप्पा’ आहे. तीन चौकटी सक्तीच्या केल्या की शिक्षक कुठेतरी टिंब टाकून पुढे जातात, आणि तेच टिंब पुढे शिष्यवृत्तीच्या यादीत आणि बँकेच्या पासबुकात अडचण होऊन उभं राहतं. म्हणून मी एकच लांब चौकट ठेवू लागलो : ‘दाखल्यावर आहे तसं पूर्ण नाव.’

दुसरा प्रश्न शून्याचा. ‘वापरायोग्य मुलींची स्वच्छतागृहं किती?’ या रकान्यात काहीच नसेल तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? एकही नाही, की भरणाऱ्याला माहीत नाही, की तो भरायचा विसरला? संगणक तिन्ही रिकाम्या जागा सारख्याच धरतो. सरकारी कामकाजात यावर फार जुना आणि शहाणा उपाय आहे : निरंक. नोंदवण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ असा अहवाल पाठवावा लागतो, गप्प बसता येत नाही. मी प्रत्येक फॉर्मात तीन पर्याय देऊ लागलो : आकडा, ‘निरंक’ आणि ‘माहिती घेऊन कळवतो’. तिसरा पर्याय दिल्यापासून अंदाजे ठोकलेले आकडे कमी झाले. माणसाला ‘मला आत्ता माहीत नाही’ असं सन्मानानं म्हणता आलं की तो खोटं लिहीत नाही.

तिसरा प्रश्न कष्टांचा. शाळेचा सांकेतांक, स्थापनेचं वर्ष, माध्यम, मुख्याध्यापकांचं नाव, खोल्यांची संख्या; हे आम्ही प्रत्येक वेळी नव्यानं विचारत होतो. कार्यालयात ही माहिती कपाटात होती, तरी दर वेळी सगळ्या शाखांना ती पुन्हा लिहावी लागे. मागणाऱ्याला त्यातली एक ओळ वाढवायला काही लागत नाही, भरणाऱ्या प्रत्येकाचा वेळ मात्र त्यात जातो, आणि तो वेळ वर्गातून काढलेला असतो. आमच्या संस्थेतल्या एका तरुण शिक्षकानं यावर वाट काढून दिली. गूगल फॉर्मला आधीच उत्तरं भरलेला दुवा तयार करता येतो. तक्त्यातून प्रत्येक शाळेसाठी तिचा तिचा दुवा बनवायचा आणि छोट्या स्क्रिप्टनं तो त्या त्या शाळेच्या मेलवर पाठवायचा. मुख्याध्यापक मेल उघडतात तर मागच्या वर्षीची माहिती समोर भरलेली असते. जिथे बदल झाला तेवढंच दुरुस्त करायचं. साध्या जीमेल खात्यातून रोज पाठवायच्या मेलांना मर्यादा असते, पण एका संस्थेला ती पुरून उरते. या एका बदलानं आमच्या शाखांचा राग जेवढा कमी केला, तेवढा कुठल्याही विनंतीच्या भाषेनं कमी केला नव्हता.

असं असूनही माझा सगळ्यात जास्त भरवसा बसला तो अगदी साध्या मेलवर. रकाने नाहीत, बटण नाही, जोडपत्र नाही. मेलच्या मजकुरातच क्रमांक घालून प्रश्न लिहायचे, प्रत्येक प्रश्नापुढे दोन टिंबं आणि मोकळी जागा. वर एक ओळ : ‘उत्तर द्या हे बटण दाबा आणि टिंबांपुढे लिहा.’ प्रश्न एका फोनच्या पडद्यावर मावतील एवढेच. हा मेल कितीही हातांतून पुढे गेला तरी तसाच राहतो, कमी नेटवर्कमध्ये उघडतो, कुठलंही खातं मागत नाही. शिवाय प्रश्न आणि उत्तर एकत्र, तारीख-वेळेसह, दोन्ही बाजूंच्या मेलपेटीत जपलं जातं. गूगल फॉर्म भरणाऱ्याकडे पुष्कळदा काहीच उरत नाही. ‘मी पाठवलं होतं’ हे तो दाखवू शकत नाही. साध्या मेलमध्ये मुख्याध्यापकांकडे पुरावा राहतो. उत्तरं तक्त्यात घेण्याचं काम माझ्याकडे उरायचं खरं, पण ते माझंच काम होतं. थोडी माहिती आणि लगेच हवी असेल तर साधा मेल, जास्त माहिती आणि सगळ्यांकडून एकसारखी हवी असेल तर फॉर्मचा दुवा, असा विवेक मी ठेवला आणि तो शेवटपर्यंत उपयोगी पडला.

फॉर्म कसा असावा याचा उत्तम नमुना मला आमच्या मोंढ्यात दिसतो. अडतीवर तूर किंवा सोयाबीन घातलं की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी येते : माल, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. एकही रकाना जास्तीचा नाही, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखाच कळतो. शाळा न शिकलेला माणूसही ती पट्टी वाचून भाव चुकला की अडत्याला थांबवतो. आपण पाठवतो त्या प्रपत्रातला प्रत्येक रकाना भरणाऱ्याला असाच कळला पाहिजे.

भरलेल्या रकान्याचं आयुष्य किती असतं, हे मराठवाड्यानं अलीकडे पाहिलं. निजामाच्या राजवटीतल्या आणि त्यानंतरच्या नोंदी आमच्याकडे आजही काढल्या जातात; जमिनीच्या वादात खासरा पाहणी पत्रक लागतं. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा महसुली दप्तरांबरोबर शाळांच्या जुन्या प्रवेश नोंदवह्याही उघडल्या गेल्या. कुणा अज्ञात मास्तरानं पिढ्यांपूर्वी भरलेला एक रकाना आज एखाद्या घराच्या हाती पुरावा म्हणून येतो किंवा येत नाही. तो मास्तर त्या दिवशी घाईत असता तर? हे मनात आलं की फॉर्म ही फक्त कार्यालयीन सोय आहे असं म्हणवत नाही. म्हणूनच मेलवर आलेल्या महत्त्वाच्या उत्तरांची छापील प्रत सहीनिशी फायलीत लावण्याचा नियम मी कधी सोडला नाही. लिपिक बदलतो, मेलचा पासवर्ड हरवतो, खातं बंद पडतं. फायलीतला कागद राहतो.

याच कारणानं काय विचारू नये हेही ठरवावं लागतं. मुलांचे आधार क्रमांक, पालकांची बँक खाती, जात, आजार. अशा माहितीच्या एक्सेल फायली मेलवरून आणि व्हॉट्सॲपच्या गटांतून मोकळ्या फिरताना मी पाहिल्या आहेत. एकदा पाठवलेली फाइल किती फोनांत उतरली हे कुणालाच सांगता येत नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि मुलांच्या माहितीला त्यानं विशेष जपलं. पण कायद्याची वाट न बघता आपण एवढं करू शकतो : अशी माहिती मेलच्या फॉर्मात मागायचीच नाही. ती जिथे भरायची त्या अधिकृत पोर्टलवरच भरू द्यावी, आणि आपल्याला संख्या हवी असेल तर फक्त संख्या मागावी. ‘असू द्या, कधीतरी लागेल’ म्हणून विचारलेली माहिती ही दुसऱ्याच्या घरात विनाकारण डोकावण्यासारखीच आहे.

आता मी कामातून मोकळा आहे, पण शाळांतले मित्र आजही येणारे मेल दाखवतात. सकाळी अकराला मेल येतो, दुपारी दोनपर्यंत माहिती हवी असते, प्रपत्र फोनवर उघडत नाही, आणि त्यातली निम्मी माहिती मागवणाऱ्याकडे आधीपासून असते. साधनं पुष्कळ सुधारली. मागण्याची रीत तेवढी सुधारली नाही. फॉर्म मेलच्या आत असावा की दुव्यावर असावा, हा प्रश्न मी अनेक वर्षं तांत्रिक समजून सोडवत होतो. अनुभवानं माझं मत असं झालं आहे की त्याचं उत्तर भरणारा कुठे बसला आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याला काय माहीत आहे यावर अवलंबून असतं. ज्याला उत्तर हवं आहे, त्यानंच जास्त कष्ट घ्यावेत.

म्हणून प्रपत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. पाठवण्याआधी ते स्वतःच्या साध्या फोनवर उघडा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः भरून बघा. एका सहकाऱ्याला मेल पुढे पाठवा आणि त्याला तो भरता येतो का ते पाहा. तुमच्याकडे असलेली माहिती आधीच भरून द्या. ‘निरंक’ला आणि ‘माहिती घेऊन कळवतो’ला जागा ठेवा. ज्याचा उपयोग तुम्हाला आत्ता सांगता येत नाही तो प्रश्न काढून टाका. आणि भरायला किमान एक पूर्ण दिवस द्या, कारण ते प्रपत्र ज्याच्यासमोर उघडणार आहे त्या शिक्षकाच्या समोर वर्गही बसलेला असतो.